जुनी स्पोर्ट्स कार घेताना: रोजच्या वापरासाठी आणि ट्रॅक डेसाठी

एकाच गाडीने रोज कामावर जायचं आणि अधूनमधून तिलाच ट्रॅकवर पळवायचं, हे जमतं. त्यासाठी फार महागडी गाडीही लागत नाही. मी सेकंड-हँड गाडीवर दोन्ही करतो. नव्याने या वाटेला येणाऱ्या बहुतेकांचं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: गाडी परवडते, पण तिला ट्रॅकवर न्यायचा खर्च झेपत नाही, आणि मग ती नुसती दारात उभी राहते. तसं होऊ नये म्हणून गाडी शोधण्यापासून पहिल्या ट्रॅक डेपर्यंतचा क्रम इथे देतो आहे.

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. ती शर्यत नव्हे, हे आधी लक्षात घ्या. वेळ मोजून नंबर काढत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांची एकेक पाळी असते आणि ओव्हरटेक कुठे करायचं याचे नियम असतात. पण गाडीवर येणारा ताण खराच असतो. रस्त्यावर वर्षभरात जेवढं कडक ब्रेकिंग होत नाही, तेवढं एका सकाळी होतं.

१. आधी वापर ठरवा, मग मॉडेल

गाडी रोज किती चालणार, मागे कुणी बसणार का, डिकीत काय न्यायचं, पाऊस-थंडीत ती उघड्यावर उभी राहणार का, हे कागदावर लिहून काढा. दोन सीटची, मऊ टपाची गाडी ट्रॅकवर बहारदार चालते. पण घरात तीच एकमेव गाडी असेल तर दोन महिन्यांत वैताग येतो. अशांनी सरळ हॉट हॅच, म्हणजे जोरकस इंजिनाची घरगुती हॅचबॅक, बघावी. होंडा सिव्हिक टाइप आर, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, फोर्ड फिएस्टा एसटी यांसारख्या गाड्यांत घरही चालतं आणि ट्रॅकही.

एक गोष्ट हमखास राहून जाते: हेल्मेट घालून गाडीत बसून बघा. उंच माणसाचं डोकं टपाला टेकत असेल, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. टप उघडणारी गाडी घेणार असाल तर आणखी एक चौकशी करा. अनेक ट्रॅकवर रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मजबूत कमान) असल्याशिवाय अशा गाड्यांना आत सोडत नाहीत, आणि तुमचं डोकं त्या बारच्या पातळीच्या खाली असावं लागतं.

२. ताकदीआधी वजन बघा

माझा सगळ्यात ठाम सल्ला हाच. जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात असते, वजन कुठेच नसतं. ट्रॅकवरचा खर्च मात्र वजन आणि वेगच ठरवतात.

ब्रेक लावले की गाडीच्या वेगातली ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. ही ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १६० किलोमीटरऐवजी २०० वरून ८० वर यायचं असेल, तर तेवढ्याच वजनाच्या गाडीत ब्रेकना पावणेदोन पट उष्णता पचवावी लागते. त्यात गाडी एक टनाऐवजी दीड टनाची असेल, तर हाच आकडा अडीच पटींच्या पुढे जातो. पॅड, डिस्क, टायर सगळं त्याच हिशेबाने झिजतं, आणि मोठ्या गाडीचे हे भाग मुळातच महाग असतात.

म्हणून पहिली गाडी हलकी आणि बेताच्या ताकदीची घ्या. ती चालवायला शिकवतेही चांगलं, कारण वळणात केलेली चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर ताकदीखाली झाकली जात नाही.

३. पैशाचे भाग पाडा

हातातली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नका. ढोबळमानाने दोन तृतीयांश गाडीला, उरलेले पहिल्या वर्षाला. त्यात सगळी ऑइलं बदलणं, टायर, पॅड, ब्रेक फ्लुइड, एखादं अनपेक्षित काम, विमा आणि ट्रॅकची फी येते. दोन तृतीयांशात बसणारी गाडी मनात भरत नसेल तर थांबा, पैसे साठवा. किंवा एक पायरी खालची, पण उत्तम ठेवलेली गाडी बघा. मोठ्या नावाची सगळ्यात स्वस्त गाडी सहसा सगळ्यात महाग पडते.

४. मॉडेल निवडा आणि त्याची दुखणी पाठ करा

प्रत्येक गाडीची ठरलेली दुखणी असतात. ती माहीत असतील तर विक्रेत्याशी बोलताना तुमची बाजू भक्कम राहते. नेहमी डोळ्यांसमोर येणारी काही नावं:

माझदा एमएक्स-५. १९८९ पासून चालत आलेली, सुमारे एक टनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी. सुरुवातीला हीच घ्या असं मी कुणालाही सांगेन. सुटे भाग मुबलक मिळतात आणि कामं सोपी आहेत. शत्रू एकच, गंज. टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की ते दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. मागच्या चाकाच्या पुढचा भाग बोटांनी दाबून बघा. दुसऱ्या पिढीत पुढच्या चॅसिसच्या पट्ट्याही खालून बघायला हव्यात. अगदी सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची जुनी तक्रार आहे.

टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेड. २०१२ मध्ये आलेली ही जुळी भावंडं, साधारण साडेबाराशे किलोची, मागे नावापुरत्या का होईना दोन सीट. रोजच्या वापराला माझ्या मते यांच्याइतकी सोयीची गाडी या गटात दुसरी नाही. सुरुवातीच्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल होता, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याचा कागद मागा, आणि कुणी केलं तेही विचारा, कारण ते करायला इंजिन बरंच उघडावं लागतं. दुसऱ्या पिढीच्या २.४ लिटर इंजिनात जास्तीच्या सीलंटचे तुकडे ऑइल पिकअपच्या (तळातून ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत सापडल्याच्या तक्रारी आहेत.

होंडा एस२०००. निर्मिती १९९९ ते २००९. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरतं. मजबूत आहे, पण चुकीच्या गिअरमुळे इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर व्हॉल्व्हचे रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकत्या) तडकतात. ऑइल किती पितं ते विचारा.

पोर्श बॉक्स्टर आणि केमन. वळणात यांचा तोल अप्रतिम. २००८ पर्यंतच्या इंजिनात आयएमएस, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, बेअरिंग आहे. ते तुटलं की इंजिन संपलंच समजा. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. जमलं तर त्यानंतरचीच घ्या. या गाड्यांच्या संगणकात इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं याची नोंद असते. ती काढून घ्या.

बीएमडब्ल्यू एम३, ई४६. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) ज्या पत्र्याला जोडलेला असतो तिथे चिरा पडतात, आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात. दोन्ही कामं झालेली असतील तरच विचार करा.

माझदा आरएक्स-८ कमी किमतीत दिसते आणि मोहात पाडते. तिच्या रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन रोटरीसाठीच्या खास उपकरणानेच मोजावं लागतं. ते मोजल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. टोयोटा एमआर२ च्या शेवटच्या पिढीत एक्झॉस्टमधले प्री-कॅट (धूर शुद्ध करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) भुगा होऊन इंजिनात ओढले जातात. निसान ३७०झेडच्या सुरुवातीच्या गाड्यांत ट्रॅकवर ऑइल तापून इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, म्हणून ऑइल कूलर आहे का ते बघा. लोटस एलिस ट्रॅकची राणी आहे, पण चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या चॅसिसला मार लागला असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. शिवाय रोज तिच्यात चढणं-उतरणं हा व्यायामच आहे.

५. जायच्या आधी फोन

हेलपाटा वाचवायचा असेल तर फोनवरच विचारा: गाडी कधीपासून तुमच्याकडे आहे? का विकताय? शेवटचं मोठं काम कोणतं झालं? मूळ गाडीत काय काय बदललं आहे आणि काढलेले भाग आहेत का? ट्रॅकवर नेली होती का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर दचकू नका. जो मालक ट्रॅकवर जातो, दर वेळी ऑइल बदलतो आणि बिलं जपून ठेवतो, त्याची गाडी मी डोळे झाकून नाही, पण आनंदाने बघायला जाईन. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या गाडीवर ट्रॅकच्या खुणा दिसल्या, तर मात्र तिथूनच परत फिरा.

निघताना सांगून ठेवा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

६. कागदपत्रं

गाडीला हात लावण्याआधी कागद बघा. हे सगळं समोर हवं:

- मालकाच्या नावाची नोंदणी आणि त्याचं ओळखपत्र
- चॅसिस नंबर. सतरा अक्षर-अंकांचा हा नंबर कागदावर, काचेखाली आणि चॅसिसवर एकच असला पाहिजे
- कर्ज फिटल्याचा दाखला, गाडी तारण असेल तर
- सर्व्हिस बुक आणि बिलं
- रिकॉलची कामं झाल्याची नोंद
- बदललेल्या भागांची बिलं, आणि ते बदल रस्त्यावर कायदेशीर असल्याचा पुरावा
- दोन्ही चाव्या

बिलं नुसती मोजू नका, वाचा. तारखा आणि किलोमीटर ओळीने वाढत गेले आहेत का ते बघा. दोन वर्षांत फक्त चारशे किलोमीटर पडलेले दिसले तर कारण विचारा. गाडी उभी राहिली तरी सील, टायर आणि ब्रेक वाया जातातच.

७. थंड गाडी, दिवसाचा उजेड

सोबत न्यायचं सामान फार नाही: चांगली टॉर्च, रंगाची जाडी मोजणारं मीटर, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण), टायरची खोली मोजायची पट्टी, लहान आरसा, हातमोजे, आणि शक्य असेल तर गाड्यांची जाण असलेला, पण तुमच्याइतका उतावीळ नसलेला मित्र.

पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलं आहे. थंड इंजिन सुरू होताना बरंच बोलतं: चेनचा खडखडाट, टॅपेटचा आवाज, निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. थंडीतली नुसती वाफ लगेच विरते, तिची काळजी नको.

चावी फिरवल्यावर इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याची सोय करून ठेवली आहे. ओबीडी रीडरवर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का तेही त्यात दिसतं. बऱ्याच तपासण्या अपुऱ्या असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची दाट शक्यता आहे.

मूळ रंगाची जाडी बहुतेक गाड्यांवर १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान येते. एका दारावर १३० आणि शेजारच्यावर ६०० दिसले, तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एखादं पॅनेल रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही. पण छप्पर, त्याचे खांब आणि डिकीखालचा पत्रा इथे काम झालेलं असेल तर गाडी जबर ठोकलेली आहे. फायबरच्या पॅनेलवर हे मीटर चालत नाही, तिथे फटी आणि कडा बघाव्या लागतात.

८. ट्रॅकच्या खुणा

या खुणा पुसणं अवघड असतं, म्हणून इथे वेळ घ्या.

चाकाच्या आतून टॉर्च मारा. ब्रेक कॅलिपरचा मूळ लाल किंवा पिवळा रंग करपून तपकिरी झालेला दिसतो. डिस्कवर निळसर झाक असते, आणि भोकांच्या डिस्क असतील तर भोकाभोकांतून केसासारख्या बारीक चिरा निघालेल्या असतात. बोटाचं नख त्यावरून फिरवा. नख अडकलं तर ती डिस्क गेली. मडगार्डच्या आत हात घाला. टायरमधून सुटलेल्या रबराच्या गोळ्या तिथे वाळून चिकटलेल्या असतात. गाडी कितीही धुतली तरी त्या कोपऱ्यात कुणी जात नाही. पुढच्या टायरची बाहेरची कड गोल होऊन झिजलेली असेल, तर ही गाडी वळणात जोरात ढकलली गेली आहे. टायरचं वयही तिथेच वाचता येतं: बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

आतमध्ये सीटचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला आहे का. हार्नेससाठी (शर्यतीच्या सीटबेल्टसाठी) पाडलेली भोकं, टो हुकचं (गाडी ओढायच्या हुकचं) गायब झाकण, दारावर नंबर चिकटवल्याची पुसट चौकट. यातलं काहीच एकट्याने गाडी वाईट ठरवत नाही. मालक जे सांगतो आहे त्याच्याशी ते जुळतं का, एवढंच बघायचं.

बदल केलेल्या गाडीबद्दल माझं मत कडक आहे. चांगले शॉक ॲब्सॉर्बर, पॅड, ऑइल कूलर असेल तर उत्तम. इंजिनातून ताकद वाढवलेली, बाहेरून टर्बो बसवलेली गाडी मात्र पहिली गाडी म्हणून घेऊ नका. ती कुणी ट्यून केली, कशाच्या जोरावर केली, हे तुम्हाला कधीच नीट कळणार नाही.

९. चालवून बघणं

किमान अर्धा तास, आणि रेडिओ बंद. गिअरबॉक्स थंड असतानाच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. करकर झाली तर सिंक्रो (गिअर सहज जुळवणाऱ्या कड्या) झिजले आहेत. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क सरळ नाहीत, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा सस्पेन्शन. खड्ड्यांच्या रस्त्यावरही न्या. ठक्ठक् आवाज येत असेल तर बुश किंवा बॉल जॉइंट गेले आहेत. परत आल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून पंखा लागतो का आणि तापमान स्थिर राहतं का ते बघा.

१०. तिऱ्हाईत मेकॅनिककडे तपासणी

ही पायरी गाळू नका. त्याच मॉडेलवर काम करणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक शोधा आणि पैसे तुम्ही द्या. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणं, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) चाचणी, चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद, एवढं करून घ्या. सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा. अलाइनमेंटचा आकडा जुळवूनही जुळत नसेल तर काहीतरी वाकलेलं आहे. विक्रेता तपासणीला नकार देत असेल तर गाडी सोडून द्या. ‘आज संध्याकाळी दुसरा येतोय’ हे ऐकून बयाणा देणं हा सगळ्यात जुना सापळा आहे.

अहवालात निघालेल्या कामांची किंमत लिहून काढा आणि तोच कागद पुढे ठेवून भाव बोला. व्यवहार ठरला की पैसे बँकेतून द्या. गाडी, चाव्या आणि कागद एकाच वेळी ताब्यात घ्या. नोंदणी आणि विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय ती रस्त्यावर चालवू नका.

११. ट्रॅकच्या आधी काय बदलायचं

ताकद वाढवायला जाऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, आणि सगळ्यात आधी ब्रेक फ्लुइड.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ होऊन थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकआधी ताजं, उच्च तापमानाचं डॉट ४ भरा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट आहे, ते चालतं.

पॅड ट्रॅकला चालतील असे, पण थंड असतानाही धरतील असे घ्या. निव्वळ रेसिंगचे पॅड सकाळी पहिल्या सिग्नलला नीट धरत नाहीत आणि दिवसभर किंचाळतात. रोज चालवणाऱ्याला ते परवडत नाहीत. टायर चांगले रस्त्याचेच पुरेत. जास्त चिकट टायर घातले की लांब वळणात काही इंजिनांना ऑइल कमी पडू लागतं.

विमा कंपनीला लेखी विचारा. बहुतेक पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाहीत. ट्रॅकची आवाजाची मर्यादाही बघून ठेवा, मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टवाल्यांना गेटवरूनच परत पाठवतात. हेल्मेट स्नेल एसए (कार शर्यतीसाठीच्या प्रमाणपत्राच्या) दर्जाचं घ्या, त्याचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं. मोटरसायकलचं हेल्मेट सगळीकडे चालत नाही.

१२. पहिला ट्रॅक डे

सोबत टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना), टायर प्रेशर गेज, पंप, एक लिटर ऑइल, टो हुक आणि प्यायचं पाणी. डिकी आणि सीटखालचं सगळं सुटं सामान काढून ठेवा. पायाखाली घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकते. प्रशिक्षक मिळत असेल तर पहिल्या पाळीला त्याला शेजारी बसवा.

टायर तापले की हवेचा दाब वाढतो. पाळी संपल्याबरोबर मोजा, जास्त झालेली हवा काढा, आणि घरी निघताना पुन्हा भरा. पहिल्या पाळीनंतर चाकांचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने तपासा. प्रत्येक पाळीनंतर ऑइलची पातळी बघा. पेडल मऊ लागलं तर त्या क्षणी वेग कमी करून बाहेर या. ‘एक फेरी अजून’ करू नका.

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, हळू मारायची, म्हणजे सगळं थंड होतं. मग पार्किंगमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा, पण हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात आणि परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरत राहतं. निघण्याआधी पॅडची जाडी चाकातून बघून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी याच गाडीने कामावर जायचं आहे.